सनशेटांची खोली

लोणावळ्यातल्या त्या दगडी बंगल्याचे आजवर पाच मालक झाले. पण आमच्या शेजारच्या भाऊंना विचाराल, तर बंगल्याला मालक असा कधी झालाच नाही, नुसते पाहुणे आले आणि गेले. भाऊ तिथले राखणदार, त्यांचे वडील तिथले माळी. 'बंगला विकला' असं ते चुकूनही म्हणत नाहीत. "पावणं बदललं," म्हणतात.

मंगलोरी कौलं, चारही बाजूंनी फिरणारी लाकडी गॅलरी, मान दुखेपर्यंत उंच छत आणि भिंतीतली ती शेकोटी, जिच्यात भाऊ आता तांदळाचे डबे ठेवतात. एवढ्या पसाऱ्यात भाऊ डोळे मिटून फिरतील. चुकतात ते बाकीचे. कारण एकदा कोणी एखाद्या खोलीत राहिलं, की ती खोली भाऊंच्या लेखी कायमची त्याची. शेकोटीची खोली गोऱ्या साहेबाची. तो भाऊंच्या जन्माआधीच विलायतेच्या बोटीत बसला, ते सोडा. पश्चिमेची पारशीणबाईंची. जिन्याखालची, डॉक्टरांच्या कुत्र्याची. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी बजावलं, "बाईंच्या न्हानीत जा, पर कडी वाजवून." तो बिचारा दहा मिनिटं कडी वाजवत उभा. शेवटी म्हणाला, "भाऊ, बाई दार उघडत न्हाईत."

"कशा उघडतील? त्यास्नी जाऊन तीस वर्सं झाली."

तो नळ अजून गळतोय.

यंदा पुण्याचं एक जोडपं नवं मालक झालं. त्यांनी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या सजवल्या आणि दारांवर इंग्रजी पाट्या लावल्या. पश्चिमेची खोली 'सनसेट', जिन्याखालची 'मिस्टी'. पहिल्याच कुटुंबाला भाऊ अदबीनं म्हणाले, "सामान कुत्र्याच्या खोलीत ठिवा." कुटुंब तडक माघारी गेलं. नव्या मालकीण मॅडमनी निक्षून सांगितलं, "भाऊ, येत्या शनिवारपर्यंत नवी नावं पाठ झाली नाहीत, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." सत्तरी उलटलेल्या भाऊंचं जेवणच सुटलं. मळवलीला मुलाचं घर आहे. पण तिथं दोन दिवस राहून "छत लय अंगावर येतंय" म्हणत ते एकदा परत आले होते.

मी शाळामास्तर, त्यामुळे शिकवणी माझ्याकडे आली. तीन दिवस घोकंपट्टी झाली. चौथ्या दिवशी भाऊंनी हळूच विचारलं, "मास्तर, ह्ये सनशेट ऱ्हायला कवा येनार? आन् मिस्त्रीला येवढी खोली कशापायी?"

मी पुढच्या खोलीची उजळणी घेतली. माणसं म्हणून ती नावं त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. खरं सांगितलं असतं तर शनिवारी सगळाच घोटाळा झाला असता.

शनिवारी भाऊंनी पाहुण्यांना बिनचूक सनशेटांच्या आणि मिस्त्रींच्या खोलीत पोचवलं. मॅडमना वाटलं, गावाकडचा उच्चार. भाऊ नोकरीत राहिले! पाहुणे फिरायला बाहेर पडल्यावर मी त्यांची थट्टा करायला गेलो, तर ते पश्चिमेच्या बंद दारापाशी टोपी हातात घेऊन उभे होते.

"बाई, राग मानू नगा," ते दाराशी बोलत होते, "पाटी तेवढी शेटची हाय. खोली तुमचीच."

आपण आजवर जी घरं सोडून आलो, त्यांतल्या एखाद्या दाराशी आपल्यासाठी कोणी असं बोलत असेल का, या विचारात मी पाय न वाजवता परत फिरलो.