हाताला कळणारं मशीन

रांझीच्या बाजारामागच्या गल्लीत इंदूबाई वैरागडे राहतात. माहेर पुलगावचं. लग्न करून जबलपूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. नवरा गणपत फॅक्टरीत टर्नर होता. त्याचे कपडे तेलाने असे माखलेले असायचे की घासून घासून इंदूबाईंच्या बोटांची सालं निघायची. रिटायर व्हायच्या थोडं आधी गणपतने दोन टबांचं वॉशिंग मशीन आणलं. एका टबात कपडे धुवायचे, उचलून दुसऱ्यात पिळायला टाकायचे. वर फिरवायची मोठी बटणं होती आणि फिरवलं की ती कटकट वाजायची.

गणपत जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा आनंद त्याच फॅक्टरीत लागला. सून सुखदा शहरात एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. सकाळी दोघं आपापल्या वाटेने निघाली की मागे घर इंदूबाईंच्या हाती. नात समृद्धीची शाळा, डबे, स्वयंपाक आणि कपडे. "सासूबाई आहेत म्हणून मी नोकरी करून राहिली," असं सुखदा ऑफिसात सांगायची. त्यात तोंडदेखलं काही नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मशीनने दगा दिला. पिळायचा टब फिरेना आणि खालून गंजाचं तांबडं पाणी वाहायला लागलं. बाजारातला नथ्थू मिस्त्री आला. मशीन आडवं करून त्याने टॉर्च मारला.

"अम्मा, नीचे से पूरा सड़ गया है," तो म्हणाला. "चला तो दूँगा, पर कब तक चलेगी, ये मत पूछना."

"तुम बस चला दो," इंदूबाई म्हणाल्या.

त्याने चालवून दिलं. संक्रांतीच्या सुमारास ते पुन्हा बंद पडलं, तेही समृद्धीचा युनिफॉर्म साबणाच्या पाण्यात असताना. सुखदाने संध्याकाळी ऑफिसातून येऊन तो हाताने पिळला आणि गच्चीवर टाकला. सकाळी तो ओलाच होता. तिने इस्त्री फिरवून फिरवून वाळवला आणि बस गाठायला पळाली.

रविवारी जेवताना तिने विषय काढला. "आई, आता नवीनच घेऊ. कपडे टाकले की धुऊन, पिळून बाहेर. ओल्या चादरी उचलायची तुम्हाला गरज नाही."

"काहून? हे काय वाईट आहे? नथ्थूला बोलाव."

"किती वेळा बोलवायचं त्याला?"

"बोलाव ना. त्याचं कामच आहे ते."

नंतर ताटं उचलताना आनंद सुखदाला हळूच म्हणाला, "जाऊ दे. बाबांनी आणलेलं आहे ते. तिचा जीव आहे त्याच्यात."

स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या इंदूबाईंनी ते ऐकलं. असं काही त्यांच्या मनातही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सुखदाने पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी तेच वाक्य उचललं. "यांच्या हातचं आहे, राहू दे गं." सुखदाचा चेहरा लगेच मऊ झाला. इंदूबाईंना मात्र दिवसभर कसंतरी वाटत राहिलं. गणपतला मशीनचं कधी कौतुक नव्हतं. बिघडलं की बदलून टाकू, असं तो आणलं त्याच दिवशी म्हणाला होता. मेलेल्या माणसाच्या नावावर आपण खोटं बोललो, हे त्यांना लागलं होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. इंदूबाईंना दिसेनासं झालं होतं.

एकदम नव्हे. समोरचं माणूस दिसायचं, टीव्ही दिसायचा, देवासमोरचा दिवा दिसायचा. पण कडेचं जग हळूहळू पुसत चाललं होतं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. कपात ओतलेला चहा कधी कधी बशीत पडायचा. संध्याकाळी गल्लीतून येणारी मोटरसायकल अंगावर आल्यावरच कळायची. घरात मात्र त्यांचं काही अडत नव्हतं, कारण घर त्यांच्या हातांना पाठ होतं. तिखटाचा डबा कुठे, गॅसचं बटण किती वळवलं की आच मंद होते, मशीन किती कटकट वाजलं की कपडे भिजायला लागतात, हे बघायला डोळे लागत नव्हते. नवीन मशीन कशी असतात ते त्यांनी शेजारच्या घरी पाहिलं होतं. वर काच, काचेत दिवे. तिथे हाताला काहीच लागत नव्हतं.

नथ्थू पुन्हा आला आणि पार्ट मिळत नाही म्हणून परत गेला. शनिवारी सुखदा म्हणाली, "आई, चला ओमतीच्या दुकानात. नुसतं पाहून येऊ. नाही आवडलं तर नाही घेणार. माझी शपथ." तिच्या बोलण्यात जबरदस्ती नव्हती, म्हणून इंदूबाईंना नाही म्हणता आलं नाही.

दुकान मोठं होतं, सगळीकडे पांढरे झगझगीत दिवे. एका ओळीत मशीन मांडलेली. दुकानातली मुलगी उत्साहाने सांगत होती. "आंटी, बस यहाँ टच कीजिए, बाकी सब अपने आप होगा. करके देखिए."

इंदूबाई पुढे झाल्या. त्यांच्यासमोर फक्त चकाकणारा काळा पट्टा होता. त्यांनी बोट टेकवलं. काही झालं नाही. दुसरीकडे टेकवलं. मग त्यांचा तळहात काचेवरून हळूहळू सरकायला लागला, अंधारात कोनाड्यातली काडेपेटी शोधावी तसा. नजर मशीनवर नव्हतीच.

सुखदा बाजूला उभी राहून ते बघत होती. आधी तिला वाटलं, आईंना मुद्दाम जमवायचं नाही. मग तिने तो हात नीट पाहिला. डाळीत देठासकट आलेली कोथिंबीर, आईंच्या नडगीवरचा काळानिळा डाग, समृद्धीच्या पायात गेलेले दोन वेगळे मोजे, सगळं तिला एकदम आठवलं. मोज्यांवरून ती तेव्हा चिडलीही होती.

"दीदी, हम फिर आएँगे," ती त्या मुलीला म्हणाली आणि सासूबाईंचा दंड धरून पायरी उतरली. असा तिने तो आजवर कधी धरला नव्हता.

समोरच्या टपरीवर बाक होता. दोघी बसल्या. चहा आला तो सुखदाने आईंच्या हातात नीट दिला.

"आई, खरं सांगा. तुम्हाला दिसून नाही राहिलं ना?"

इंदूबाईंनी ग्लास दोन्ही हातांत धरला. "समोरचं दिसते. बाजूचं नाही दिसत. आणि चकचकीत असलं की काहीच नाही."

"कधीपासून?"

"मागच्या गणपतीपासून जास्त झालं. आधीपासूनच असन."

"आणि सांगितलं काहून नाही? आम्ही काय परके आहोत?"

रस्त्यावर एक ई-रिक्षा हॉर्न वाजवत अडकली होती. ती निघून गेल्यावर इंदूबाई म्हणाल्या, "माझ्या आईचे डोळे असेच गेले. पुलगावला वरांड्यात खाट टाकून दिली तिची. सगळ्यांनी लई केलं तिचं. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. पण कोणी तिला मटाराची एक शेंग सोलू दिली नाही. मागायची बिचारी. सगळे म्हणत, राहू द्या, तुम्ही बसा. बसूनच गेली ती."

गेल्या काही मिनिटांत सुखदाच्याही मनात तेच चाललं होतं. उद्यापासून आईंना गॅसजवळ जाऊ द्यायचं नाही, कामाला बाई लावायची. ती मान खाली घालून चहा पीत राहिली.

"मला खाटेवर नको बसवू," इंदूबाई म्हणाल्या. "बाकी काही म्हणणं नाही माझं."

"नाही बसवणार," सुखदा म्हणाली. रिकामा ग्लास बाकावर ठेवून म्हणाली, "पण डॉक्टरकडे यायचं. ते टळणार नाही."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज न चुकता थेंब घातले तर उरलेली टिकवता येईल. आईचे डोळे कशाने गेले होते, हेही त्यांनी विचारलं, आणि आनंदकडे वळून म्हणाले, तुम्हीही तपासून घ्या, हा रोग घराण्यात चालतो. आनंद सगळा वेळ टोपी हातात चुरगळत बसला होता. बाहेर आल्यावर तो आईला म्हणाला, "मी समजत होतो, बाबांची आठवण म्हणून तू..."

"मीच तसं म्हटलं होतं," इंदूबाई म्हणाल्या. "तुझं ऐकून. खोटं होतं ते."

आनंदने आईचा हात धरून तिला स्कूटरवर बसवलं आणि गाडी रोजच्यापेक्षा हळू चालवली.

आता सुखदाच जुन्या मशीनच्या मागे लागली. नथ्थूला फोन करून म्हणाली, "भैया, कहीं से भी पार्ट लाइए, नीचे की बॉडी नई बनाइए, पर यही चलनी चाहिए." आईंना ज्याची सवय आहे तेच राहावं, असं तिने ठरवून टाकलं होतं. नथ्थूने एका भंगारवाल्याकडून तसलंच मशीन शोधून पार्ट काढून आणला. तो औजारं मांडायला लागला तशा इंदूबाई बाथरूमच्या दाराशी आल्या.

"नथ्थू, राहू दे. मत खोलो."

"काहून, आई?" सुखदाने विचारलं. "होऊन जाईल ना दुरुस्त."

"करंट मारते ते," इंदूबाई म्हणाल्या. "दिवाळीपासून. म्हणून मी रबरी चप्पल घालून हात लावत होती. सांगितलं असतं तर तुम्ही लगेच बदललं असतं."

नथ्थूने लगेच प्लग काढला. सुखदा तिथेच पालथ्या बादलीवर बसली. समृद्धी सुट्टीच्या दिवशी याच मशीनला टेकून पाण्याशी खेळायची. पण पुलगावच्या त्या खाटेचं ऐकल्यावर सुखदाला सासूबाईंवर रागावता येईना.

"आता लपवायचं काही राहिलं नाही," इंदूबाई म्हणाल्या. "मग याला तरी काहून धरून ठेवायचं? नवीन घेऊ. पण पसंत मी करणार."

दुसऱ्या खेपेला समृद्धीही दुकानात आली. इंदूबाई ओळीच्या एका टोकापासून चालत निघाल्या आणि प्रत्येक मशीनवर हात ठेवत गेल्या. दुकानातली मुलगी काही सांगायला आली तर समृद्धीने तिला थांबवलं. "दीदी, आजी देख रही हैं."

काचेची मशीन त्यांनी सोडून दिली. एका दोन टबांच्या मशीनची बटणं फिरवून पाहिली. ती सैल होती, कुठे थांबली ते कळत नव्हतं. ओळीच्या शेवटी एक आपोआप धुणारं मशीन होतं. त्याला मधोमध एकच मोठं गोल बटण, उंचवट्याची खूण असलेलं, आणि फिरवलं की प्रत्येक जागी ठक्क अडायचं. इंदूबाईंनी ते एकदा पूर्ण फिरवलं, उलटं आणलं, पुन्हा फिरवलं.

"हे," त्या म्हणाल्या. "यात ओल्या चादरीही नाही उचलाव्या लागत ना?"

"नाही लागत," सुखदा म्हणाली, आणि तिला हसू आलं.

मशीन घरी आलं त्या दिवशी तिने सासूबाईंच्या शेजारी उभं राहून कोणत्या जागी काय होतं ते सांगितलं. इंदूबाईंनी तिला दोनदा सांगायला लावलं आणि मग बाहेर घालवलं.

परवा सुखदा ऑफिसातून आली तेव्हा गच्चीवर कपडे वाळत होते. आनंदचा एक शर्ट उलटाच टाकलेला होता, आणि एक ओढणी दोरीवरून घसरत चालली होती. तिने ओढणीला चिमटा लावला. शर्टाला हात न लावता ती खाली आली आणि स्वयंपाकघरात इंदूबाईंसमोर मटाराची परात ठेवून स्वतःही सोलायला बसली.