शेळगावच्या डिस्कचं ठिगळ

प्रोग्रॅममधलं कुठलंही जुनं ठिगळ काढायची वेळ आली की तात्या चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "थांबा, आधी बघून येतो."

बघून येतो म्हणजे खरोखर मोटारसायकलवरून. आमची बारामतीतली छोटी कंपनी गावोगावच्या संस्थांना माहिती साठवायच्या मशिनी द्यायची. मशीन आणि तिच्यातली डिस्क यांचं बोलणं जुळवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तात्यांनी लिहिलेला. जुन्या डिस्कांच्या नाना खोडी. एखादी उशिरा उठायची, एखादी धडधाकट असून उगाच कुरकुरायची. प्रत्येक खोडीला तात्यांनी एक ठिगळ लावलेलं आणि वर गावाचं नाव घातलेलं. 'लोणी भापकर. पहिली तक्रार मनावर घेऊ नये.' आता तुम्हीच सांगा, असा प्रोग्रॅम कुठं वाचलाय?

नव्या डिस्कांना ही ठिगळं नडायला लागली. डिस्क खरीच मेली तरी मशीन तिची वाट बघत बसायची. ठिगळं काढायचं काम माझ्याकडं आलं, आणि मी पडलो घाईचा माणूस. तात्या एकेका गावी जाऊन जुनी डिस्क गेल्याची खात्री करायचे, चहा पिऊन यायचे, मग म्हणायचे, "हं, काढा आता." एका ठिगळाला आठवडा जायचा. माझं डोकं फिरायचं.

शेवटी उरलं शेळगावचं. तिथं मेंढपाळांच्या संस्थेत आबा नावाचे म्हातारे होते. जुळी कोकरं देणारी मेंढी कुणाच्या पोटची, तिची आई कोण, अशा अठरा वर्षांच्या वंशावळी त्यांनी मशीनमध्ये घालून घेतल्या होत्या. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती. आमच्याकडं सगळ्यांचीच राहते. ती डिस्क उठायला अर्धं मिनिट घ्यायची, म्हणून तात्यांनी ड्रायव्हरला तेवढं थांबायला शिकवलं होतं.

"फोन करा की तात्या," मी म्हणालो. "किती हिंडाल?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि फोन लावला.

"आबा, नवी मशीन आली का?"

"व्हय, आली की. चकचकीत हाय."

मी त्या ठिगळाच्या चाळीस ओळी काढून टाकल्या आणि वेळेवर जेवायला गेलो.

मशीन नवी होती, डिस्क जुनीच. चालतीय ती कशाला टाकायची, म्हणून गावातल्या दुरुस्तीवाल्यानं नव्या डब्यात तीच बसवली होती. आमचा सुधारलेला ड्रायव्हर तिथं पोचला आणि डिस्क उठायच्या आतच त्यानं पडद्यावर लिहिलं, 'डिस्क निकामी.' दुरुस्तीवाल्यानं ती उपसून भंगारात दिली. चांगली चालत होती हो ती.

आम्हाला कळलं तेव्हा भंगार केव्हाच पुढं गेलं होतं. तात्यांनी इंदापूरपर्यंतची सगळी दुकानं पालथी घातली. मी बरोबर होतो. काही मिळालं नाही.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "मशीनच म्हणली मेली, मग ठिवून काय करायचं?"

तात्या वही उघडून त्यांच्यासमोर बसले. "ध्यानात हाय तेवढं सांगा आबा."

आबा डोळे मिटून सांगू लागले. काळ्या कानाची मेंढी, तिची आई, आईची आई. तिथं थांबले.

"ह्याच्या म्होरलं मशीनमदी घातलं हुतं न्हवं," ते म्हणाले. "म्हणून डोस्क्यात ठिवलंच न्हाय."

परतताना बारामती येईपर्यंत मला स्वतःची किळस येत होती.

सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. त्यात लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष न जाता फोनवर विचारलं. चूक सर्वस्वी माझी.' माझं नाव कुठंच नव्हतं.

साहेबांनी तो कागद माझ्यापुढं सरकवला. "तुला काही सांगायचंय का यावर?"

तात्या बाहेर आपलं टेबल आवरत होते. दार उघडंच होतं.

"नाही," मी म्हणालो.