वडिलोपार्जित वाळू

मंगळवारी सकाळी कड्याजवळच्या एका गावात रेल्वेच्या अभियंत्याला प्रयोगासाठी बादलीभर वाळू मिळेना. गावात निम्म्या घरांची बांधकामं चालू होती. पण साहेब तहसीलचे असून वाळू जप्त करायला आलेत, असा सगळ्यांचा समज झाला होता. मी रेल्वेच्या भूकंप-पाहणीच्या बातमीसाठी गेलो होतो.

अखेर उपरणं गुंडाळलेले एक गृहस्थ बादली घेऊन आले.

"घराला लागतीय. परत मिळंल ना?"

"मिळेल. कुठून आणली?"

"वडिलोपार्जित हाय, साहेब."

लोक हसले. गृहस्थ हसले नाहीत. बादलीच्या कडीवरचा हातही त्यांनी काढला नाही.

अभियंत्यानं वाळूत पाणी ओतलं, रेल्वेचा भराव म्हणून वर स्वतःची वीट उभी केली आणि बादलीला धक्के दिले. पहिल्या धक्क्याला वीट कलली. तिसऱ्याला वाळू पातळ झाली आणि वीट बुडाली.

"भरावाखाली अशी ओली वाळू असली, की भूकंपाच्या लागोपाठच्या धक्क्यांत रूळ असेच खचतात. इथं तशी जागा आहे का, तेच शोधतोय."

गृहस्थांनी कडीवरचा हात काढला.

"माजी लेक ह्याच रुळावरच्या गाडीनं येती," ते म्हणाले. "साहेब, वाळू भरावाच्या पायथ्याची हाय. दोन हात खणलं की पाणी लागतं. चला, दावतो."

दुपारी अभियंत्यानं तिथं खुणेच्या खुंट्या ठोकल्या. गृहस्थांनी बादलीतलं पाणी ओतून दिलं, सगळी वाळू घरी नेली आणि वीट धुऊन साहेबांना परत केली.