आवाज वेगळा, चित्र वेगळं

गंगापूर रोडवरचा आमचा गाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण कुणाच्या लग्नात माझा तेव्हाचा भागीदार विलास भेटला, की आम्ही दोघं त्याच गोष्टी काढून बसतो. दिवसभर दुसऱ्यांच्या घरच्या कॅसेटी बघणाऱ्यांजवळ दुसरं साठणार तरी काय?

काम तसं साधं. लोक जुन्या व्हिडिओ कॅसेटी आणायचे, आम्ही त्यांच्या डीव्हीडी करून द्यायचो. कॉम्प्युटरवर चित्राची फाइल वेगळी व्हायची, आवाजाची वेगळी. दोन्ही जुळवून एक करायच्या. ते जुळवणं विलासकडे. गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे, आणि तेच जड जायचं.

* * *

सुरुवातीलाच एकदा चुकलं. कळवणच्या एका गुरुजींच्या लग्नाची डीव्हीडी होती. आवाज आधी यायचा, ओठ नंतर हलायचे. डीव्हीडी देऊन झाल्यावर आमच्या लक्षात आलं. मी फोन करून माफी मागितली. परत पाठवा, नीट करून देतो म्हणालो.

"राहू द्या," गुरुजी म्हणाले. "आमची ही तशीच होती. आधी बोलून मोकळी व्हायची."

त्यातला "होती" मला फोन ठेवल्यावर ऐकू आला.

* * *

एक बाई मुलीच्या पहिल्या वाढदिवसाची कॅसेट घेऊन आल्या. "यातला आवाज सगळा काढा," एवढंच म्हणाल्या.

विलासनं कॅसेट लावली आणि पाच मिनिटांत हेडफोन काढून ठेवले. केकच्या मागे नवरा झोकांड्या खात उभा होता. पाहुण्यांसमोर बायकोला तो जे बोलत होता, ते सांगण्यासारखं नाही.

डीव्हीडी न्यायला आल्या तेव्हा मी विचारलं, "ताई, मागे एखादं संगीत टाकू का? फारच मोकळं वाटतं."

"मोकळंच बरं," त्या म्हणाल्या. "हे गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला बाप दिसला पाहिजे, भाऊ. ऐकू यायची गरज नाही."

* * *

विंचूरच्या एका शेतकऱ्याच्या कॅसेटला बुरशी लागली होती. चित्र पार गेलेलं, पडद्यावर नुसत्या मुंग्या. आवाज मात्र स्वच्छ. त्यांची आई हळदीची गाणी म्हणत होती. ती जाऊन वर्ष झालं होतं.

मी म्हटलं, "आईंचा एखादा फोटो आणा. गाणं चालू असताना तो दिसेल."

त्यांनी मतदान कार्ड आणलं. दुसरा फोटोच नव्हता. विलासनं तो मोठा करून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"नको," म्हणाले. "ही घाबरलेली दिसती. आमची आई कोनाला घाबरत नव्हती."

"मग काय दाखवू?"

"मुंग्याच राहू द्या. मी डोळे मिटून ऐकत जाईन."

* * *

हे शेवटचं विलास कधीच सांगत नाही. मलाच सांगावं लागतं.

एक जोडपं आलं. त्यांची मीनू सातव्या वर्षी तापानं गेली होती. तिनं शाळेत भाषण केलं होतं, त्याची व्हिडिओ कॅसेट होती, पण कॅमेऱ्याचा माइक बंद पडल्यामुळे नुसतं चित्र. शिवाय एक ऑडिओ कॅसेट होती. घरी त्याच भाषणाची तयारी करून घेताना आईनं भरलेली.

वडिलांनी विचारलं, "हा आवाज त्या चित्राला लावता येईल का?"

विलासनं आठ दिवस घेतले. एकेक शब्द कापून तिच्या ओठांवर बसवला. घरच्या टेपवर मीनू "अध्यक्ष महाराज, पूज्य" म्हणून अडकायची, मग आई मागून सांगायची, "गुरुजनवर्ग". स्टेजवरही ती नेमकी तिथंच अडकली होती.

आई म्हणाली, "माझा आवाज काढा. तिचा तेवढा ठेवा."

विलासनं काढला. तेवढी जागा रिकामी राहिली.

दोघं बघायला आले. पडद्यावर मीनूनं हात जोडले. "अध्यक्ष महाराज, पूज्य," म्हणाली आणि थांबली. डोळे मोठे करून समोर बघत राहिली.

माझ्या शेजारी बसलेली आई हळूच म्हणाली, "गुरुजनवर्ग."

"गुरुजनवर्ग," मीनू म्हणाली, आणि पुढचं भाषण घडाघडा बोलायला लागली.