पुसलेली फाइल

जुना संगणक तापला की धुळीचा एक वास येतो. त्या वासाने मला नरसीजवळच्या माळावरची लहान वेधशाळा आठवते. दोन हजारच्या सुमारास तिथे आम्हा सात हौशी निरीक्षकांना मिळून एकच संगणक होता आणि प्रत्येकाला अर्ध्या तासाची पाळी. एका दुपारी डिस्क भरली, तेव्हा कुणाची ते न विचारता मी समोर दिसली ती फाइल पुसली. ती तांड्यावरून सायकलने येणाऱ्या एका शिक्षिकेची निघाली. एका ताऱ्याच्या तेजाची तीन महिन्यांची मोजमापं त्या फाइलमध्ये होती आणि ती त्याच संध्याकाळी पुण्याच्या संशोधकांना पाठवायची होती. त्या आल्यावर मी कबूल केलं. त्यांनी पिशवीतून वही काढली. “लाइटचा भरवसा न्हाई, म्हणून रोज वहीत उतरून ठेवते. तोंड काहून पाडून राहिले, भाऊ? तुमी वाचा, मी टाइप करते. अन् बराबर वाचा, आता वही नका पुसू!” मी माझी पाळीही देऊ केली, त्यांनी घेतली नाही. स्वतःच्या अर्ध्या तासातच शेवटचा आकडा भरून, फाइल पाठवून त्यांनी पुढच्या माणसाला खुर्ची दिली. आज माझा संगणक माझा एकट्याचा आहे. तरी काही पुसण्याआधी तोंडून निघतंच, “ही कुणाची आहे?”