हिरव्या चिंधीची घागर

कमलला जाऊन महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, जावेला सख्ख्या बहिणीसारखं सांभाळलंत तुम्ही. मी मान खाली घालते. जे आता लिहितेय ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — तोंडातून ते निघतच नाही.

तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. औशातल्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं रंगवत होते, आणि पावसाचा पत्ता नव्हता. गाव दोन गोष्टींवर जगायचं — शेतातली तूर आणि वेशीबाहेरची डाळमिल. तूर करपली. मिल मात्र बाहेरचा माल आणून चालू होती, तिच्या बोअरला पाणी होतं. तूर भिजवायला लागेल तेवढं वापरून बोअरचं उरलेलं पाणी दुपारच्या भोंग्यानंतर तासभर गावाला मिळायचं. बायका सकाळीच फाटकापाशी रिकाम्या घागरी रांगेत ठेवून घरी जायच्या. बाई नसली तरी घागर तिची जागा धरायची. रांगेत भांडणं खूप व्हायची, पण दुसरीच्या घागरीला कुणी हात लावत नसे.

कमल माझी धाकटी जाऊ. तिला सातवा महिना. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि — असो. मी मॅट्रिक झालेली. बायका माझ्याकडून पत्रं वाचून घ्यायच्या, माझा शब्द खरा धरायच्या. आदल्या दिवशी रांगेत कमल म्हणाली, “आमच्या अक्काला पानी कशाला लागतंय? पुस्तकात बुडी मारली की झालं.” सगळ्या हसल्या. मीही हसले. त्यात राग येण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण हसताना तिचा हात पोटावर होता.

दुसऱ्या दिवशी घागरी ठेवून झाल्यावर, भोंग्याच्या बऱ्याच आधी मी परत गेले. फाटकापाशी कुणी नव्हतं. माझ्या पुढची घागर तिची — गळ्याला हिरवी चिंधी. मी ती उचलली, भिंतीआड तुरीच्या टरफलाच्या ढिगामागे ठेवली, आणि माझी घागर पुढे सरकवली. एवढंच. तहान म्हणून नाही. आमच्या दोघींचं पाणी एकाच रांजणात जायचं.

भोंगा झाला. कमल रांगेत घागर शोधू लागली. कुणीतरी ती ढिगामागून आणून दिली. तिथंच टेकवून विसरली असशील, बायका म्हणाल्या. ती माझ्याकडे वळली. “अक्का, तुमच्या म्होरंच ठिवली होती की मी. सांगा की ह्यांना.”

मी म्हणाले, “मी काही बघितली नाही, बाई.”

मग जागा कोण देणार? रिकामी घागर घेऊन घरी सासूसमोर जायचं नव्हतं, म्हणून ती मळ्यातल्या, तळाला घोटभर पाणी उरलेल्या विहिरीवर गेली. पायऱ्यांवरून घसरली. पोर गेलं. पुढं कधी राहिलंच नाही. सासू मरेपर्यंत तिला वेंधळी म्हणत राहिली — घागर नीट ठेवली असती तर नातू खेळला असता. मी शेजारी बसून भाजी निवडायचे. मला वर्षभरात मुलगा झाला. कमलनंच त्याला न्हाऊ-माखू घातलं.

हळूहळू तिलाही ते खरं वाटू लागलं. कडी लावली की परत जाऊन बघायची. चूल विझवली की परत बघायची. जन्मभर.

जायच्या दोन दिवस आधी तिनं माझा हात धरला. “अक्का, मीच ठिवली नसंल वो रांगेत. माझंच डोस्कं तसलं. तुमाला उगं साक्षीला वढलं.”

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, “जाऊ दे कमल. मी कधीच मनात धरलं नाही.”

तिला बरं वाटलं. तिनं डोळे मिटले. मी उठून हात धुतले आणि जेवायला बसले.