खिशातला पंडित

सीताराम वासनिकांवर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मी लिहिते आहे. रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगते. ज्यांना शांत, समतोल लेखन आवडतं त्यांनी दुसरं काही वाचावं. पुण्यात तसं पुष्कळ मिळतं.

वासनिककाका आमच्या कसबा पेठेतल्या छापखान्यात प्रूफं तपासायचे आणि मी तिथेच कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायची. त्यांचे वडील पुलगावहून बदली होऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आले, तेव्हा काका शाळेत होते. घर छप्पन साली बौद्ध झालेलं, आणि वडिलांनी पोराला एकच नाद लावला होता, वाचनाचा. मॅट्रिकनंतर शिक्षण थांबलं, वाचन थांबलं नाही. तीस वर्षं लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढता काढता संगीत, खगोल, शेती, आयुर्वेद, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. आणि तरीही एखाद्या शब्दाची खात्री नसली, की ते समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचे. अंदाजाने कधी काही बदलायचे नाहीत. "मले माहीत नाही," असं ते इतक्या सहज म्हणायचे, की पेठेतल्या विद्वानांना ते अडाणी वाटायचे. आमच्याकडे पत्ता विचारला तर माणूस चुकीचा सांगेल, पण माहीत नाही असं म्हणणार नाही.

बाजार खुला झाला आणि या विद्वानांना ऊत आला. काल रेशनच्या रांगेत उभा असलेला माणूस आज शेअर, सॅटेलाइट आणि वाइनवर बोलायला लागला. काकांनी एकदा दुपारी गंमत म्हणून पानभर मजकूर लिहिला: मैफलीत जाणकार कसं दिसावं. 'समेवर सगळेच मान हलवतात. आपण त्याच्या जरा आधी डोळे मिटावेत.' मी हसून हसून टाइप केलं. ते पान मालकांच्या, म्हणजे रामदास गुळव्यांच्या, हाती पडलं. त्यांना हसू आलं नाही, धंदा दिसला.

अशी 'खिशातला पंडित' ही मालिका निघाली. शर्टाच्या खिशात मावेल एवढी पुस्तिका, किंमत बारा रुपये. संगीत, शेअर बाजार, क्रिकेट, चित्रकला, संगणक, एकूण अकरा विषय. शेअरचा भाव पडला तर म्हणावं, 'मी म्हणतच होतो.' संगणकाबद्दल काहीही विचारलं तर म्हणावं, 'ते सिस्टिमवर अवलंबून आहे.' कुणा थोर माणसाचं नाव निघालं तर म्हणावं, 'भेटलोय मी त्यांना. साधा माणूस.' सगळी वाक्यं काकांची, आणि सगळी इतक्या गंभीर चेहऱ्याने लिहिलेली, की वाचणाऱ्याला आपलाच शेजारी आठवावा.

वर नाव मात्र 'प्रा. य. ग. पंचनदीकर'. असा माणूस जन्माला आलेला नाही. गुळवे काकांना तोंडावर म्हणाले, "वासनिक, राग मानू नका, पण शास्त्रीय संगीतावर तुमचं आडनाव खपत नाही." राग मानू नका, असं म्हटलं की माणूस काहीही बोलायला मोकळा. काकांनी मानला नाही. मी मानला आणि अजून मानते.

पहिल्या आवृत्तीला काकांची छोटी प्रस्तावना होती: हा आरसा आहे, शिडी नाही. दुसऱ्या आवृत्तीत गुळव्यांनी ती गाळली. म्हणाले, आरसा कोण विकत घेतो? त्यांचं खरं ठरलं. संगणकाची पुस्तिका कॉलेजच्या पोरांनी मुलाखतीसाठी पाठ केली आणि तिच्या पाच आवृत्त्या संपल्या.

दोन हजार एक साली गुळव्यांनी छापखाना बंद करून फक्त प्रकाशन ठेवायचं ठरवलं. काका त्रेपन्न वर्षांचे. त्या सुमारास येरवड्याच्या पुढे काचेच्या इमारतीतल्या एका कंपनीची जाहिरात आली: संगणकाच्या पडद्यावरचे शब्द मराठीत आणायचे आहेत, भाषा-संपादक हवा. अर्ज मीच भरला. काका जाहिरात पुन्हापुन्हा वाचत होते. "यांच्याकडे गळ्यात कार्ड असतं ना? त्यावर नाव असतं?" मी म्हटलं, असतं. "स्वतःचं?" त्यांनी विचारलं. कांताकाकूंनी त्याच आठवड्यात त्यांना नवा शर्ट शिवला.

परीक्षेत चाळीस शब्द होते. काकांनी सदतीस लिहिले आणि उरलेल्या तीन शब्दांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. मुलाखत घेणारा अभिनव नावाचा टीम लीडर, जेमतेम सव्वीसचा. पुढे काय झालं ते काकांनी मला अमृततुल्यमध्ये चहा घेताना सांगितलं.

"सर, तीन ब्लँक आहेत," अभिनव म्हणाला.

"ब्लँक नाहीत. शब्द कुठल्या पडद्यावर येणार ते कळलं, की सांगतो."

"ते सिस्टिमवर अवलंबून आहे," अभिनव म्हणाला. "बाकीच्यांनी चाळीसच्या चाळीस लिहिलेत. क्लायंटसमोर कॉन्फिडन्स लागतो, सर."

"बाकीच्यांचे ते तीन बरोबर आहेत का?" काकांनी विचारलं.

अभिनव मान हलवत म्हणाला, "तसं बघितलं तर भाषेत बरोबर-चूक असं काही नसतं." ते काकांच्याच पुस्तिकेतलं पान सोळा होतं. काकांनी मला पानांचे आकडेसुद्धा सांगितले.

"मग तुम्ही सांगितलं नाहीत? हे मी लिहिलंय म्हणून?" मी विचारलं.

"काऊन चिडतेस, शालन? कामाचं विचारत होता, त्याचं उत्तर दिलं."

जागा अजून भरलेली नव्हती. मी गुळव्यांकडे गेले आणि एक ओळ लिहून मागितली: पंचनदीकर म्हणजे वासनिक. ते म्हणाले, "पंचनदीकर मेले तर मालिका मेली. तू टायपिंग कर." मग मी काकांना न विचारता छापखान्याच्या कपाटातून संगणकाच्या पुस्तिकेची त्यांच्या हातची मूळ प्रत काढली, खाडाखोडीसकट, आणि बस पकडून येरवड्याला गेले. काकांना विचारलं असतं तर त्यांनी जाऊ दिलं नसतं. ते शहाणपणाचं ठरलं असतं.

अभिनवने मला पाणी विचारलं. वागायला वाईट नव्हता, म्हणून जास्त राग येतो. त्याच्या टेबलावरच ती पुस्तिका होती, कोपरे दुमडलेली. मी मूळ प्रत तिच्याशेजारी ठेवली आणि म्हटलं, "हे पुस्तक वासनिकांनी लिहिलंय. तुम्ही त्यांना त्यांचीच वाक्यं ऐकवलीत."

त्याने पानं उलटली. अक्षर पाहिलं. एका ठिकाणी हसलासुद्धा. मला वाटलं, झालं काम.

"मॅडम," तो म्हणाला, "मी भेटलोय पंचनदीकर सरांना."

"कुठे?" मी विचारलं.

"लेक्चरला. साधा माणूस. लोक अशा माणसांच्या नावावर काहीही क्लेम करतात." त्याने प्रत नीट सरळ करून मला परत दिली. "तीन ब्लँकचं एक वेळ मी वर बोललोही असतो. पण खोटं बोलणारा कॅंडिडेट नको आम्हाला. सॉरी."

असा माणूसच नाही म्हणून सांगितलं, तर त्याने आणखी खात्रीने मान हलवली. चाळीसच्या चाळीस लिहिणाऱ्या कुणाला तरी ती जागा मिळाली. काकांच्या वाट्याला आधी फक्त नकार होता, मी जाऊन त्यावर खोटेपणाचा शिक्काही मारून आणला. गुळव्यांवर, अभिनववर मी जितकी चिडते, तितकीच या एका दुपारसाठी स्वतःवर चिडते.

छापखान्यात परतले तेव्हा काका एका लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होते. मी सगळं सांगितलं, मूळ प्रत चोरून नेली होती तेही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पंचनदीकरांना भेटलाय म्हणाला?"

"हो."

"कसे होते म्हणाला?"

"साधा माणूस, म्हणाला."

काकांनी चष्मा घातला आणि पुन्हा पत्रिकेवर वाकले. "मग मीच असेन," ते म्हणाले.

नंतर सात वर्षं ते घरी बसून लग्नपत्रिकांची आणि दहाव्या-तेराव्याच्या कार्डांची प्रूफं तपासत होते. ते गेले तेव्हा संगणकाची पुस्तिका नवव्या आवृत्तीत होती, पंचनदीकरांच्या नावाने. त्यांचं ते वाक्य मी पुष्कळांना सांगितलं आहे. ऐकणारे हसतात आणि 'वा' म्हणतात. मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं, आणि अजून येत नाही.